ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं: पुढच्या आर्मचे बुश घरी बदलताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०११ ची बीएमडब्ल्यू ३२० डी, ९६ हजार किलोमीटर झालेली, गाडी नागपुरात मनीषनगरला. ताशी ८० ते १०० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग डावी-उजवीकडे थरथरतं. मागच्या वर्षी पुढच्या डिस्क आणि पॅड बदलले, पाच-सहा महिने गाडी मस्त चालली, आणि पुन्हा तेच सुरू झालं. एक मेकॅनिक म्हणतो पुन्हा डिस्क टाका, दुसरा म्हणतो स्ट्रटचे बुश, म्हणजे जोडातले रबर, गेले. तुमच्याकडे पाने आहेत, पोर्च आहे, मदतीला मेव्हणा आहे. हे काम घरी जमेल का?

जमेल. या गाड्यांच्या पुढच्या भागातलं हे सगळ्यात सरळ काम आहे. पण त्यात एक पायरी अशी आहे, की ती चुकली तर नवे बुश काही महिन्यांत फाटतात आणि माणूस पार्टला दोष देत बसतो. बहुतेक वेळा ती चुकते. म्हणून त्या पायरीबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. स्ट्रट म्हटलं की आपल्याकडे शॉकअप समजतात. मग काउंटरवरचा माणूस शॉकअपच्या डोक्यावरचं रबरी माउंट हातात देतो, ते बसवलं जातं, खर्च होतो आणि थरथर तिथेच राहते. तुमच्या गाडीला पुढच्या प्रत्येक चाकाखाली दोन आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारे दांडे, आहेत. मागचा सरळ आणि आडवा. पुढचा वाकडा, चाकाकडून तिरपा पुढे जाऊन सबफ्रेमला, म्हणजे इंजिनखालच्या मजबूत चौकटीला, जोडलेला. या वाकड्या आर्मला कंपनी टेन्शन स्ट्रट म्हणते. ब्रेक मारला की चाक मागे राहू पाहतं आणि हा आर्म त्याला पुढून ओढून धरतो, म्हणजे आर्मवर ताण येतो, म्हणून हे नाव. त्याच्या सबफ्रेमकडच्या टोकाला जो जाडजूड रबरी बुश आहे, तो आपला विषय. शॉकअपला आणि स्प्रिंगला या कामात हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. ती या कामात येत नाही, एवढ्यासाठीच मी तुम्हाला घरी करा म्हणतोय.

आता डिस्क बदलल्यावर पाच-सहा महिने बरं का वाटलं ते बघू, कारण खरं उत्तर त्यातच आहे. हा बुश थरथर तयार करत नाही, अडवतो. थरथर डिस्कमधून येते. कुठलीही डिस्क वापरता वापरता सगळीकडे सारखी झिजत नाही. जाडीत मिलिमीटरच्या दोन शतांशाएवढा फरक पडला तरी पॅडला तो लागतो. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. तुमच्या चाकाचा घेर साधारण २ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. डिस्कवर एक जाड जागा असेल तर सेकंदाला १४ झटके. हे झटके आर्ममधून स्टेअरिंगपर्यंत जाऊ नयेत म्हणून या बुशात नुसतं रबर नसतं, द्रव भरलेला असतो. रबराच्या आत दोन पोकळ्या, त्यांना जोडणारी एक बारीक वाट. आर्म हलला की द्रव एका पोकळीतून दुसरीत ढकलला जातो आणि त्या अरुंद वाटेत झटक्याचा जोर जिरतो. शॉकअपमध्ये तेल जे करतं तेच, फक्त मुठीएवढ्या जागेत.

बुश फुटला की द्रव गळून जातो. रबर शाबूत दिसतं, आर्म जागेवर असतो, गाडी चालते. फक्त झटका जिरवणारं आत काही उरत नाही. अशा गाडीला कोरी डिस्क लावली तर जाडीत फरकच नसल्यामुळे थरथर गायब होते. काही हजार किलोमीटरनंतर डिस्क थोडी झिजली, की परत सुरू. तुमच्या गाडीचं नेमकं हेच झालं असावं. दुसऱ्यांदा डिस्क टाकली तर पुन्हा सहा महिने बरं वाटेल आणि पुन्हा पैसे जातील.

माझ्या टेबलावर असा एक बुश आडवा कापून ठेवलेला आहे. गाडीवाला समोर बसला की मी आधी तो त्याच्या हातात देतो. बाहेरून बघाल तर टणटणीत. कापलेल्या बाजूला दोन पोकळ्या दिसतात, कोरड्या, आत धुळीचा काळा लेप. एका पोकळीच्या कोपऱ्यात रबर जिथे धातूच्या नळीला चिकटलेलं असतं, तिथे नखाएवढी चीर आहे. त्या चिरेतून सगळा द्रव गेला. आत मुळात असतोच किती, थोडासाच. पण तो गेला आणि त्या गाडीच्या मालकाने दोनदा डिस्क बदलल्या, एकदा चारही टायर.

तरीही पार्ट मागवण्याआधी तपासून घ्या. तुमच्या गाडीला मी हात लावलेला नाही, आणि लक्षणावरून सांगितलेलं निदान म्हणजे अंदाजच. ब्रेक न दाबताही ९०-१०० ला स्टेअरिंग हलत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग आणि रिम बघा. या गाड्या कंपनीतून रनफ्लॅट टायरवर येतात. त्यांची बाजूची भिंत कडक असते, त्यामुळे खड्ड्याचा मार रिमला आणि बुशला सरळ बसतो. आपल्या सिमेंट रस्त्यांच्या जोडांवरून रोज टकटक करत जाणाऱ्या गाडीत हा मार दिवसाला किती वेळा बसतो याचा विचार करा. फक्त ब्रेकवरच थरथर असेल तर संशय डिस्क आणि बुश या दोघांवर. त्यात गाडी हळू थांबवताना किंवा रिव्हर्स घेऊन ब्रेक दाबताना पुढून एक जड ‘धप्’ ऐकू येत असेल, तर बुशकडे बोट दाखवायला हरकत नाही.

डोळ्यांनी बघायचं तर गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घेऊन, खालचं प्लास्टिकचं आवरण काढून, टॉर्च मारा. गळलेल्या बुशाच्या आजूबाजूला काळपट ओला डाग असतो, त्यावर धूळ चिकटून गाळ झालेला. इंजिनचं तेल वरून ओघळून तिथे आलं असेल तर फसगत होते. म्हणून जागा पुसून घ्या, चार दिवस गाडी चालवा आणि परत बघा. मग आर्म आणि सबफ्रेमच्या मध्ये छोटी पहार घालून हलवा. चांगला बुश थोडा दबतो आणि लगेच जागेवर येतो. गेलेला लळतलोंबत हलतो आणि फट उघडी पडते. ॲल्युमिनियमवर पहारेचा कोपरा टेकवू नका, मध्ये लाकडाची चीप धरा.

एक नागपुरी गोष्टही मनात धरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डांबर वितळतं, गाडी दिवसभर उन्हात उभी असते. रबर किलोमीटरने झिजतं तसं उन्हाने आणि वयानेही मरतं. एवढी वर्षं झालेल्या गाडीत रबर मूळचंच असेल तर किलोमीटर कमी आहेत म्हणून ते वाचत नाही. याच कोरड्या हवेचा फायदाही आहे. समुद्राकाठच्या गाड्यांचे खालचे बोल्ट गंजून वेल्डिंग केल्यासारखे बसतात, आपल्या गाड्यांचे बहुतेक वेळा सरळ सुटतात.

आता पार्ट. नुसता बुश मिळतो आणि बुश व बॉल जॉइंटसकट (चाकाकडचा, गोळ्यावर फिरणारा जोड) पूर्ण आर्मही मिळतो. तुम्ही पूर्ण आर्म घ्या, दोन्ही बाजूंचे. नुसता बुश स्वस्त पडतो, पण जुना बुश आर्ममधून काढायला आणि नवा दाबून बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. व्हाइसमध्ये धरून, सॉकेट लावून, हातोडा मारून हे होत नाही. तसं केलं की ॲल्युमिनियमचं भोक लंबगोल होतं. शिवाय ९६ हजारांवर त्याच आर्मच्या दुसऱ्या टोकाचा बॉल जॉइंटही तेवढाच जुना झालेला असतो. सहा महिन्यांनी त्याच्यासाठी पुन्हा सगळं खोलणार का? एकाच बाजूचा बदलू नका. एका बाजूला कडक रबर आणि दुसऱ्या बाजूला मऊ असेल तर ब्रेकवर गाडी एका अंगाला ओढते.

नुसता बुशच टाकायचा ठरवलात, तर आर्म घेऊन हिंगणा एमआयडीसीत प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे जा आणि त्याच्याजवळ उभे राहा. तीन गोष्टी त्याला सांगाव्या लागतील. दाब बाहेरच्या धातूच्या कड्यावरच यायला हवा, मधल्या नळीवर अजिबात नाही. मधल्या नळीवर जोर आला की आतलं रबर तिथेच सुटतं आणि नवा बुश बसायच्या आधीच गळका होतो. दुसरं, द्रवाच्या बुशला दिशा असते. त्याच्यावर खूण असते आणि ती आर्मवरच्या खुणेशी जुळवावी लागते. जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि आर्मवर पांढऱ्या रंगाने रेघ ओढा. उलटा बसला तर पोकळ्या चुकीच्या दिशेला येतात आणि बुश असून नसल्यासारखा होतो. तिसरं, बसवताना वंगण हवं तर साबणाचं पाणी. ग्रीस आणि इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं.

कंपनीचा पॅकबंद आर्म घ्या किंवा लेमफॉर्डरचा. लेमफॉर्डर ही जर्मनीची जुनी कंपनी बीएमडब्ल्यूला मूळ पार्ट पुरवते. हुबेहूब खोका आणि आत भलताच माल, हा प्रकार बाजारात आहे. वजन हातात घेऊन बघा, ओतकामाच्या कडा बघा, आर्मवर कोरलेला नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा. डावा आणि उजवा आर्म वेगळा असतो, तेही काउंटरवरच तपासा. पॉलियुरेथेनचे कडक बुश बसवा असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला ते ठीक आहेत. रोज वर्धा रोडवरून ऑफिसला जाणाऱ्याच्या गाडीत ते रस्त्याचा प्रत्येक जोड सीटपर्यंत आणतात, आपल्या धुळीत कोरडे पडले की करकरतात. ही गाडी घेतली ती तिच्या शांतपणासाठी. तो घालवू नका.

आर्मसोबत नवे नट आणि बोल्टही मागवा. या जोडांचे सेल्फ-लॉकिंग नट आणि कोनाने कसायचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. जुनाच चांगला दिसतोय म्हणून परत लावायचा मोह होतो. हा जोड चाकाला गाडीशी धरून ठेवतो, तिथे तो मोह टाळा.

आता तुमचा पोर्च. बहुतेक पोर्चमध्ये पेव्हर ब्लॉक असतात, आणि याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पेव्हरखाली वाळू असते. जॅक स्टँडचे चार बारीक पाय एकाच ब्लॉकवर आले तर तो ब्लॉक हळूहळू खचतो, आणि माणूस खाली असताना तर अजिबात कळत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरी अशीच गाडी कलली. सुदैवाने खाली कोणी नव्हतं, चाक बाजूला काढून ठेवलेलं होतं, आणि गाडीची कड त्या चाकावर टेकली म्हणून वाचली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: प्रत्येक स्टँडखाली १८ मिलिमीटरच्या प्लायचा हातभर चौकोन घाला. जमीन सपाट हवी, उताराच्या पोर्चमध्ये हे काम करूच नका. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. जॅक नेहमी कंपनीने दिलेल्या जागीच लावा. तुमच्या गाडीला बाजूच्या पट्टीखाली चौकोनी पॅड आहेत, ते त्यासाठीच. गाडी स्टँडवर आली की खांदा लावून जोरात हलवून बघा. हलायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. काढलेली चाकं दोन्ही बाजूंनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. गाडीबरोबर मिळणाऱ्या छोट्या जॅकवर गाडी ठेवून खाली हातसुद्धा घालायचा नाही.

आणि एक, सगळ्यात आधी करायचं काम, जे नंतर करताच येत नाही. गाडी चारही चाकांवर सपाट उभी असताना टेप घेऊन चाकाच्या बरोबर मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. डावं आणि उजवं, दोन्ही कागदावर लिहून ठेवा. त्याचं कारण पुढे येतं.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू असेल तर काम पहाटे सुरू करा. घाईने पाना लावणाऱ्याच्या हातून बोल्ट गोल होतो आणि घामाने भिजलेल्या हातातून पाना सुटतो.

खोलण्यात फार काही नाही. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सतराच्या सॉकेटने थोडे सैल करा, मग गाडी उचला, चाक काढा. खालचं आवरण काढा. सबफ्रेमखाली मजबुतीची ॲल्युमिनियम प्लेट असेल तर तीही काढावी लागेल. ती परत लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही, कारण पुढच्या भागाचा ताठपणा तिच्यावर आहे. हेडलाइट झेनॉन असतील तर पुढच्या एका आर्मला एक नाजूक दांडी जोडलेली दिसेल. ती लाइटची उंची ठरवणाऱ्या सेन्सरची आहे, तिला आधी मोकळी करा, ओढू नका. एबीएसची आणि पॅडच्या सेन्सरची वायर कुठून जाते ते बघून ठेवा. मग बुशाकडचा नट-बोल्ट आणि चाकाकडचा बॉल जॉइंटचा नट.

बॉल जॉइंटचा नट सोडवताना पिन स्वतःभोवती फिरू लागते. पिनच्या टोकाला ‘की’ (आत घालायचा पाना) बसायची खाच असते, तिथे ती धरून नट फिरवा. नट निघाला तरी पिन आपल्या निमुळत्या भोकात घट्ट रुतून बसलेली असते. आता इथे हातोडा काढायचा नाही. हे नकल (चाकाचा हब धरणारा भाग) आणि आर्म ॲल्युमिनियमचे आहेत, मार लागला की चीर जाते आणि ती चीर दिसत नाही. बॉल जॉइंट पुलर भाड्याने किंवा विकत घ्या, नट दोन आटे ठेवून परत लावा, पुलर कसा. मग थोडं थांबा. ताण धरलेली पिन अचानक बंदुकीसारखा आवाज करून सुटते. मेव्हण्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दचकून डोकं आपटून घेईल. राखून ठेवलेला नट त्या क्षणी आर्म खाली पडू देत नाही.

जुना आर्म निघाला की नव्याशेजारी जमिनीवर ठेवून बघा. वाक तोच, लांबी तीच, भोकाचा व्यास तोच. हे दोन मिनिटांचं काम आहे. पिन बसण्याचं निमुळतं भोक कोरड्या कापडाने पुसा. तिथे ग्रीस नको.

आता ती पायरी.

या बुशात मधली नळी बोल्टने सबफ्रेमला घट्ट आवळली जाते. बाहेरचं कडं आर्ममध्ये घट्ट असतं. रबर या दोघांना भट्टीत चिकटवलेलं असतं. म्हणजे यात काहीच फिरत नाही. लोकांना वाटतं की बिजागरीसारखं काहीतरी फिरत असेल. नाही. चाक वर-खाली जातं तेव्हा रबर पिळवटतं आणि सोडलं की मूळ जागी येतं. बोल्ट ज्या स्थितीत आवळाल ती रबराची विश्रांतीची स्थिती ठरते, कायमची.

गाडी स्टँडवर असताना चाक खाली लोंबकळतं. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण कसला, तर रबराला वाटतं की लोंबकळणं हीच माझी जागा. मग गाडी जमिनीवर आली की ते उभं असतानाही पिळलेलं. खड्ड्यात चाक वर गेलं की आणखी पिळतं, आधीच ताणलेलं असताना. रात्रभर गाडी गॅरेजमध्ये उभी असते तेव्हाही ते पिळलेलंच असतं. चिकटलेली जागा सुटते आणि पोकळी फुटते.

माझ्याकडे दोन खांबांची लिफ्ट आली तेव्हाची गोष्ट. लिफ्टवर गाडी असली की उभं राहून काम होतं, चारही चाकं लोंबत असतात. एका गाडीचे दोन्ही आर्म मी तसेच वर कसून टाकले, माल अस्सल होता, काम नीटनेटकं. साडेचार महिन्यांनी ती गाडी परत आली, दोन्ही बुश फाटलेले. मी पुरवठादाराशी भांडलो. घरी येऊन रात्री ते दोन्ही फाटलेले बुश हातात घेऊन बसलो, तेव्हा दिसलं की दोन्हींची चीर एकाच कोपऱ्यात, एकाच दिशेला होती. सदोष मालाच्या चिरा अशा आरशात बघितल्यासारख्या सारख्या नसतात. त्या गाडीचे आर्म मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा टाकले आणि पुरवठादाराला फोन करून माफी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे हा बोल्ट गाडी हवेत असताना कोणी कसत नाही. नवीन आलेला पोट्टा प्रत्येक वेळी विचारतो, "भाऊ, काहून दोन-दोनदा कसायचं? एकदाच कसू न." मी त्याला तो टेबलावरचा बुश देतो.

मग करायचं कसं? बॉल जॉइंटचा नट हवेतच पूर्ण कसून टाका. तो गोळ्यावर फिरणारा जोड आहे, त्याला स्थितीशी देणंघेणं नाही. बुशाचा बोल्ट मात्र हाताने नीट बसेल इतकाच. आता ट्रॉली जॅक चाकाच्या नकलखाली, मध्ये लाकूड ठेवून लावा आणि हळूहळू उचला. टेप हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्यावर धरून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजत राहा. सुरुवातीला लिहिलेला आकडा, समजा ३६ सेंटीमीटर, आला की थांबा. हे करताना एक डोळा स्टँडवर हवा. गाडीच स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर लगेच जॅक उतरवा आणि दुसरा मार्ग घ्या. दुसरा मार्ग जास्त सुरक्षित आणि मला जास्त आवडणारा: दोन मजबूत रॅम्पवर पुढची चाकं चढवा, मागची चाकंही तेवढ्याच उंचीच्या पक्क्या लाकडी थरावर घ्या, म्हणजे गाडी आडवी राहते. तिला दोनदा खाली दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन जागेवर बसेल. मग गाडीचं वजन चाकांवर असताना बोल्ट कसा.

तो किती कसायचा हा आकडा तुमच्या गाडीच्या चॅसी नंबरवरून कंपनीच्या दुरुस्ती-पत्रकातून घ्या. बोल्टचा आकार आणि प्रकार मॉडेलप्रमाणे बदलतो, आणि काही बोल्ट आधी ठरावीक न्यूटन-मीटरपर्यंत आणि मग ठरावीक अंश फिरवून कसायचे असतात. कुणीतरी गप्पांत सांगितलेला आकडा इथे चालत नाही. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने कसायचा पाना) नसेल तर उसना आणा, तोही नसेल तर काम दुसऱ्या रविवारी करा. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर, चांदणीच्या क्रमाने. हवेच्या गनने धाडधाड कसू नका. चाक सगळीकडे सारखं आवळलं गेलं नाही तर नव्या डिस्कलाही वळण येतं आणि थरथर नव्याने सुरू होते.

कसून झाल्यावर प्रत्येक नटावर आणि शेजारच्या धातूवर मिळून एकच पांढरी रेघ ओढा. नंतर नट सैल होत असेल तर रेघ तुटलेली दिसते.

दोन्ही बाजू मिळून पहिल्यांदा करणाऱ्याला पूर्ण दिवस लागतो. अंधार पडत आला आणि एक बाजू राहिली तर राहू द्या. गाडी स्टँडवर रात्रभर उभी राहिली तर काही बिघडत नाही, फक्त लहान मुलं जवळ येणार नाहीत असं बघा.

पहिली फेरी घराजवळच, ताशी ३०-४० ने, काच खाली करून. काही खडखडलं तर परत फिरा. मग अलाइनमेंट. आर्म बदलला की चाकांचा कोन थोडा तरी हलतो, आणि या गाडीत पुढचा टो (चाकं समोरून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) टाय-रॉडवरून, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यावरून, जुळवता येतो. अलाइनमेंट न करता महिनाभर चालवली तर टायर एका कडेने खाल्ले जाऊ शकतात आणि तो खर्च आर्मपेक्षा मोठा असू शकतो.

त्यानंतर मोठ्या वेगाची चाचणी. समृद्धी महामार्गावर जाऊ नका, तिथे मागची गाडी १२० ने येत असते आणि तुम्ही चाचणीसाठी ब्रेक दाबताय हे तिला माहीत नसतं. सकाळी लवकर, बुटीबोरीकडे रस्ता मोकळा मिळेल तेव्हा, मागे आरशात कोणी नाही याची खात्री करून ताशी ९० वरून मध्यम ब्रेक दाबा. स्टेअरिंग हलक्या हाताने धरा, घट्ट पकडलं तर थरथर कळत नाही. ती पूर्ण गेली तर उत्तम. अगदी थोडी उरली असेल, बोटांना जाणवेल न जाणवेल इतकी, तर ती डिस्कमधल्या जाडीच्या फरकाची आहे. ताशी ८० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा मध्यम ब्रेक, मध्ये डिस्क थंड व्हायला वेळ देत, असं करून बघा. पुष्कळदा पॅडचा असमान थर उतरतो. तरी राहिली तर डायल गेज लावून डिस्क मोजून घ्या, आणि डिस्क बदलायचीच असेल तर आता बदला. बुश बरोबर असतील तर ती डिस्क या वेळी टिकेल.

हजार किलोमीटर झाले की एका सकाळी गाडी पुन्हा स्टँडवर घ्या, सगळी खबरदारी तीच, आणि त्या पांढऱ्या रेघा तपासा. बुशाच्या आजूबाजूची जागा कोरड्या कापडाने पुसून कापड बघा. कापड कोरडं निघालं आणि रेघा अखंड असल्या, की आवरण लावा आणि गाडी खाली घ्या. जुना आर्म भंगारात देण्याआधी त्याचा बुश कापून बघा, चीर कुठे होती ते तुम्हालाच दिसेल.